हळद लावलेल्या छड्या

चंद्रमतीबाईंचा हात तंजावुरात प्रसिद्ध होता. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत अनुदानावर चालणारी एक प्राथमिक शाळा होती, कौलारू, लांबोडकी, मधे फळ्यांचे आडोसे घालून वर्ग पाडलेली. तिथल्या तिसरीला त्या शिकवायच्या. आडोसे फळ्यांचेच असल्यामुळे बाईंचा हात चालू लागला की पहिलीपासून पाचवीपर्यंत सगळ्यांना ऐकू यायचं आणि बाकीच्या मास्तरांचं निम्मं काम फुकटात व्हायचं. हेडमास्तर गुरुमूर्ती पाहुण्यांना शाळा दाखवायला आणायचे ते नेमके बाईंच्या तासाला.

मारकुट्या म्हणून कोणी त्यांना नावं ठेवत असेल असं वाटतं ना? छे! आईबाप रांग लावायचे. विजयादशमीला तिकडे मुलांना शाळेत घालतात. विडा, सुपारी, केळी, हळकुंडं असं ताट घेऊन आईबाप येतात, आणि या शाळेच्या रीतीप्रमाणे त्या ताटात आणखी एक वस्तू असायची, हळद माखलेली वेताची छडी. ताट बाईंच्या हाती द्यायचं आणि म्हणायचं, "डोळे तेवढे ठेवा, कातडं तुमचं." बाई छडी आपल्या डोळ्यांना लावायच्या, रंगानं तिच्यावर पोराचं नाव घालायच्या आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगायच्या. ज्याची त्याची छडी. एकाच्या छडीनं दुसऱ्याला त्यांनी कधी मारलं नाही, आणि हाच न्याय अशी त्यांची पक्की समजूत होती.

मारताना त्यांना राग येत नसे. कॉफीचे दाणे भाजावेत तशा त्या मारायच्या, लक्ष देऊन, कुठलाही भाग कच्चा न ठेवता. आधी उजवा तळवा, मग डावा, मग पोटऱ्या. "हात पुढे कर," एवढं म्हटलं की पोरगं हात पुढे करायचं. याच शाळेत त्यांचे वडील मास्तर होते, आणि बाई त्यांच्याच वर्गात बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. सातचा पाढा चुकला म्हणून वडिलांनी ती मोडली होती. बाई ती करंगळी दागिना दाखवावा तशी दाखवायच्या. "अप्पांची आठवण," म्हणायच्या. त्यांचे दोन्ही मुलगे इंजिनिअर झाले, दोघेही बंगळुरात गेले आणि दोघेही दिवाळीला यायचे बंद झाले. त्याची बाईंनी कधी चौकशी केली नाही. नवरा रामस्वामी वीज मंडळाच्या कचेरीत होता. तो चौकशी करण्यातला नव्हताच.

तर अशा या बाईंच्या वर्गात त्या साली हरिता आली.

शहाण्णव-सत्याण्णवचा सुमार. गावात घरोघर केबल शिरली होती. हरिताचा बाप अनिरुद्धराव, त्याचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. केबल आली आणि दुकानाची पायरी कोणी चढेना. माणूस दिवसभर काउंटरमागे बसून माश्या मारायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. घरी काय करायचा ते सगळ्या गल्लीला ऐकू यायचं, पण गल्ली मूग गिळून होती. घर आपल्यातलंच, बाईंसारखंच तंजावरी मराठी, देवाधर्माचं. कोण मधे पडणार?

हरिता हडकुळी, मोठ्या डोळ्यांची, घट्ट वेणीची आठ वर्षांची पोर. दुसरीत असताना ती टीचरच्या मनगटाला चावली होती, म्हणून तिच्या शेजारी कोणी बसत नसे. शाळेत सगळे तमिळ बोलायचे, बाईसुद्धा. हजेरीला नाव पुकारलं की पोरं "उळ्ळेन, टीचर" म्हणायची, म्हणजे आहे, हजर आहे. हरिताचा "उळ्ळेन" सगळ्यात हळू यायचा.

आषाढातली एक सकाळ. वर्ग वाचत होता. विघ्नेश नावाचा गुबगुबीत पोरगा खिडकीशी पेन्सिलला टोक करायला निघाला आणि जाता जाता त्याचा हात हरिताच्या पाठीला लागला. लागला म्हणजे नुसता लागला. हरिता गर्रकन वळली आणि पाटीचा लाकडी कोपरा तिनं त्याच्या डोक्यात घातला. तो खाली बसला. ती उभी राहिली आणि तिनं पुन्हा घातला, आणि पुन्हा. पाटी फुटली तरी हातात राहिलेल्या चौकटीनं ती मारतच होती. विघ्नेशचा शर्ट छातीपर्यंत लाल झाला. कानाची पाळी फाटून लोंबत होती. पोरं बाकांवर चढून किंचाळत होती.

बाईंनी तिला दंडाला धरून ओढली आणि खिळ्यावरून तिची छडी काढली. "हात पुढे कर." तिनं केला. बाईंनी उजवा तळवा मारला. डावा पुढे कर म्हणायच्या आत तिनं डावा पुढे केला. तोही झाला. मग पोटऱ्या. वळ उठले, वळांवर वळ उठले, एके ठिकाणी कातडं फुटलं. पोर रडेना. ती बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. बाईंचा हात जोरात पडू लागला. छडी मधोमध उभी चिरली आणि तिची एक सळ उडून बाईंच्या गालावर ओरखडा ओढून गेली. बाई थांबल्या. तेव्हा हरितानं हळूच, वर्गातल्या कोणाला न कळणाऱ्या घरच्या मराठीत विचारलं, "झालं कां?"

उभ्या जन्मात बाईंच्या छडीला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

हेडमास्तरांनी अनिरुद्धरावाला बोलावून घेतलं. तो आला, हात जोडले, आणि येताना नवी छडी घेऊन आला होता, हळद माखून. हेडमास्तर म्हणाले, आणखी एकदा रक्त सांडलं तर पोरीचा दाखला हातात ठेवीन. "ठेवा की सार," अनिरुद्धराव म्हणाला. "घरीच ठेवीन तीस. मग माझी मी बघतों." तो असं म्हणाला तेव्हा हरिता सहज एक पाऊल मागे सरली, बापाचा हात पोचणार नाही एवढीच. ते पाऊल बाईंनी ओळखलं. अप्पा घरात असले की त्या स्वतः तेवढ्याच अंतरावर उभ्या राहायच्या. पोर शाळेतून गेली तर दिवसभर त्या घरात, त्या हाताखाली. आणि शाळेत ठेवायची तर तिचा स्वतःचा हात थांबायला हवा, आणि मारून तो थांबत नाही हे तर आता डोळ्यांनी पाहिलं होतं. मारण्याखेरीज दुसरं काही बाईंना येत नव्हतं.

दुसरं काही यायला लागलं ते ओरत्तनाडूला, आणि तेही बाईंच्या मनाविरुद्ध. तिथे शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेली सुप्रभा नावाची मुलगी बाईंच्या धाकट्या मुलापेक्षाही लहान. ती म्हणाली, उत्तरं सांगू नका, मुलांना प्रश्न विचारू द्या. त्यांनी बघावं, मोजावं, ताडून पाहावं आणि आपलं उत्तर आपण काढावं. इथपर्यंत बाई नुसतं नाक मुरडून बसल्या होत्या. पुढे ती म्हणाली, मूल मारतं तेव्हा त्याला मारू नका. तोही प्रश्नच समजा. काय झालं, ते बघा. त्याच्या आधी काय झालं, ते बघा. मारल्यावर त्याला काय मिळालं, ते बघा. बाईंचं पित्त खवळलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एकदा तुझ्या डोक्यात पाटी बसू दे, मग आधी काय झालं ते बघ." सगळे शिक्षक हसले. सुप्रभाही हसली. "पाटी बसली तेव्हा आधी काय झालं होतं, टीचर?" तिनं विचारलं.

पाटी बाईंनी पाहिली होती, रक्त पाहिलं होतं. आधीचं काही पाहिलंच नव्हतं. बसमधून परत येईपर्यंत त्या धुमसत होत्या. या पोरीचं म्हणणं करून दाखवायचं आणि ते कसं पोकळ आहे ते तिच्या तोंडावर फेकायचं, असं त्यांनी ठरवलं. बाईंच्या हातून झालेल्या सगळ्या चांगल्या गोष्टी अशा रागानंच सुरू झाल्यात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं, "विचारा प्रश्न." पोरांची पाचावर धारण बसली. टीचर प्रश्न विचारा म्हणतात म्हणजे यात काहीतरी डाव आहे. शेवटी विघ्नेशनं, कानाला पट्टी बांधलेल्या, विचारलं की पाल भिंतीवरून पडत का नाही. एकीनं विचारलं, भात मऊ कसा होतो. मग मागून तो हळू आवाज आला. हरिता.

"माणसं कधी मारतात?"

बाईंना वाटलं, कानाखाली वाजवावी. पण सुप्रभाचं हसू डोळ्यांपुढे आलं. "बघूया," त्या म्हणाल्या, आणि बोलून बसल्या.

बघायचं कसं, ते पोरांनीच काढलं. खिडकीच्या चौकटीवर तीन करवंट्या ठेवायच्या. एक घराची, एक पोरांची, एक टीचरची. बेरजा शिकवायला शाळेत चिंचोके असायचेच. घरी मार बसला की सकाळी आल्या आल्या घराच्या करवंटीत चिंचोका टाकायचा. पोरानं पोराला मारलं की पोरांच्या करवंटीत. टीचरनं मारलं की टीचरच्या. आणि चिंचोका टाकताना आधी काय झालं ते मोठ्यानं सांगायचं. मारणाऱ्यानं मारामारीनंतर कोपऱ्यातल्या मडक्याशी जाऊन तांब्याभर पाणी प्यायचं आणि मगच बोलायचं, ही भर बाईंची. पहिल्याच आठवड्यात बाईंची करवंटी काठोकाठ भरली. बाई रागारागानं तिच्याकडे बघायच्या आणि करवंटी रागारागानं त्यांच्याकडे.

महिन्यानं ताळा बसवला तेव्हा पोरांनी जे सांगितलं ते ऐकून बाई खुर्चीतच बसून राहिल्या. घरी मार पडतो तो लाईट गेली की, भात करपला की, पाहुणे जाऊन दार लागलं की, आणि बापाच्या स्कूटरची किक बसली नाही की. म्हणजे पोरानं काही केलं की, असं फारच क्वचित. आणि टीचर? विघ्नेश उभा राहिला, घाबरत घाबरत. "टीचर, तुमचा उपास असतो त्या दिवशी तुम्ही जास्त मारता. जेवणाच्या घंटेच्या आधी." बाई एकादशी, संकष्टी, गुरुवार सगळं पाळायच्या. देवाच्या नावानं रिकामं ठेवलेलं पोट इतकी वर्षं पोरांच्या तळव्यांवर निघत होतं! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून उपासाच्या दिवशी पिशवीत केळं येऊ लागलं, आणि अकराच्या सुमाराला कोणी ना कोणी पोर आठवण करायचं, "टीचर, केळं."

हरितानं काढलेलं उत्तर मात्र निराळं होतं. ती करवंट्यांशी जाऊन उभी राहिली. "हे चालतात," ती म्हणाली. सकाळी घराच्या करवंटीत ज्यानं चिंचोका टाकला, दुपारपर्यंत त्याचाच चिंचोका पोरांच्या करवंटीत पडतो. रोज. तिनं बघितलं होतं. चिंचोके एका करवंटीतून दुसरीत चालत जातात.

बाईंनीही आता आधीचं बघायला सुरुवात केली होती. हरिता मारते ती पाठीला काही लागलं की. मागून कोणी आलं, दप्तर घासलं, वारा लागून परकराची गाठ हलली तरी. एकदा पोलक्याचं पाठीवरचं बटण सुटलं आणि बाईंना पाठ दिसली. पट्ट्याच्या बकलाचे ठसे होते, काही जुने, काही अजून ओले. बाईंनी बटण लावलं. त्यांनी तिची जागा बदलली, भिंतीला पाठ लावून, जिथे मागून कोणी येऊच शकणार नाही. बाकी पोरांना सांगितलं, हरिताकडे जायचं तर समोरून जायचं आणि आधी नाव घ्यायचं. एवढंच केलं. नवरात्र आलं, दिवाळी आली, मार्गशीर्ष सरला, हरिताच्या हातून कोणाच्या अंगावर ओरखडा उठला नाही. विघ्नेश तिच्या शेजारी बसू लागला, फाटका कान तिच्या बाजूला करून. टीचरची करवंटी रिकामी राहू लागली. महिनोन् महिने रिकामी.

आणि इथे बाईंनी घोटाळा केला.

आनंद झाला होता त्यांना. आयुष्यात पहिल्यांदा नवं काही जमलं होतं. आनंद झालेला माणूस फार विचार करत नाही. पोंगलची, म्हणजे तिकडच्या संक्रांतीची, सुटी लागायच्या दिवशी शाळेत पोरांना उसाचे करवे वाटतात. बाईंनी भिंतीवरच्या सगळ्या छड्या उतरवल्या, प्रत्येकीला लाल दोरा बांधला आणि उसाच्या करव्याबरोबर ज्याची छडी त्याच्या हातात दिली. "जा, घरी सांगा," त्या हसत म्हणाल्या, "टीचरला आता ही लागत नाही." पोरं नाचत गेली. हरिता मात्र छडीकडे बघत दारात उभी राहिली. बाईंनी तिच्या समोर येऊन, नाव घेऊन, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा ग."

सुटी संपली. शाळा उघडली, आणि निम्मा वर्ग रिकामा. जी पोरं आली त्यांच्या पोटऱ्या सुजलेल्या. बाईंनी दरडावून विचारलं तेव्हा एकेक सांगू लागलं. विघ्नेशची आई दारात येऊन रडू लागली. "आमचं काय चुकलं, टीचर? आम्ही विड्यासकट दिलेलं तुम्ही परत धाडलंत. पोर ठेवायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं."

ताटातून दिलेलं परत आलं म्हणजे संबंध तुटला, हे तिथे पाळण्यातल्या पोराला कळतं. बाईंच्याच थोरल्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं ते असंच. कोणी एक शब्द बोललं नव्हतं, नुसतं विड्याचं ताट परत आलं होतं आणि घरात सुतक पडलं होतं. हे सगळं ठाऊक असलेल्या बाईंनी घरोघर एकेक छडी पोचवली होती. पोर इतकं वाया गेलंय की टीचरनंही हात टेकले, असा त्याचा अर्थ प्रत्येक घरानं लावला, आणि हातात छडी आयतीच होती. पोंगलचं गोड शिजत असताना गावभर पोरांची कातडी निघत होती. ती कोणी काढली? बाईंनी. एका दिवसात, इतक्या वर्षांत जेवढी काढली नव्हती तेवढी.

हरिताची जागा रिकामी होती.

हजेरी घ्यायला त्या उभ्या राहिल्या, एवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. अनिरुद्धराव आत शिरला तो पोरीला वेणीनं ओढत. दुसऱ्या हातात छडी होती, लाल दोऱ्याची. हळद कुठेच दिसत नव्हती, छडी टोकापर्यंत काळपट पडली होती. त्यानं पोरीला बाईंच्या टेबलापुढे ढकलली. ती गुडघ्यांवर पडली आणि तिनं तोंड वर केलं. भुवई फाटली होती. उजवा डोळा सुजून पुरता मिटला होता, पापणीवर रक्त वाळलं होतं.

डोळे तेवढे ठेवा म्हणतात. यानं डोळाही ठेवला नव्हता.

"बघा टीचर," अनिरुद्धराव धापा टाकत म्हणाला. "पोंगलापास्न रोज शिकवलों तीस. आतां टाकूं नका. परत घ्या." त्यानं छडी दोन्ही हातांनी, मान लववून, बाईंपुढे धरली. "तुम्ही मज मारल्यात म्हणून मी माणूस झालों. विसरल्यात कां? ह्याच वर्गांत. तीसही तसंच करा. नाहीतर आत्तां घेऊन जातों आणि घरींच पुरी करतों."

बाईंना आठवलं. अनिरुद्ध, तिसरी, पहिल्या बाकावरचा भित्रा पोरगा, छडी उचलली की चड्डी ओली करणारा. त्यांनी त्याच्या हातातून छडी घेतली. हेडमास्तर दारात आले होते, आडोशांच्या वरून मास्तरांची तोंडं डोकावत होती. बाईंच्या तोंडून शब्द निघाले ते त्यांनी निवडले नव्हते. ते तिथे होतेच.

"हात पुढे कर."

मिशा असलेला, पोट सुटलेला तो माणूस दचकला. आणि त्याचा उजवा हात पुढे आला. तळवा वर, बोटं जुळवलेली, अंगठा आत, तिसरीत शिकवला होता तसा.

बाईंनी मारलं. खांद्यापासून हात फिरवून मारलं. तो कळवळला, पण हात मागे घेतला नाही. त्यांनी पुन्हा मारलं. तळव्यातून रक्त आलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ लहान मुलासारखा थरथरू लागला, आणि न सांगता त्यानं डावा हात पुढे केला. बाईंनी त्यावरही मारलं. बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, बाईंना फार बरं वाटत होतं. कित्येक महिने उपाशी राहिलेल्या हाताला जेवायला मिळालं होतं. त्यांनी छडी पुन्हा उगारली.

टक्.

करवंटीत चिंचोका पडला.

हरिता खिडकीशी उभी होती. ती कधी उठली ते कोणी पाहिलं नव्हतं. तिनं टीचरच्या करवंटीत आणखी एक चिंचोका टाकला, मग तिसरा. एका डोळ्यानं नीट बघून, एकेक. मग ती बाईंकडे वळली आणि तिनं रोजचा प्रश्न रोजच्या सुरात विचारला.

"आधी काय झालं, टीचर?"

बाईंचा हात वरच राहिला. सारा वर्ग उत्तराची वाट बघत होता. तो नियम त्यांचाच होता. त्यांनी छडी टेबलावर ठेवली, कोपऱ्यातल्या मडक्याशी गेल्या आणि पाणी प्यायल्या. तांब्या दातांवर वाजत होता. "मला भीती वाटली," त्या म्हणाल्या. "तुला घेऊन जातील म्हणून. आणि छड्या मी पाठवल्या म्हणून."

हरितानं मान डोलावली. मग ती बापाकडे गेली, समोरून, आणि हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर थांबली. "अप्पा," ती मराठीत म्हणाली, "तुम्ही मज मारल्यात. त्याच्या आधीं काय झालं?"

अनिरुद्धराव आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत उभा होता. दुकान म्हणेल, केबल म्हणेल, असं बाईंना वाटलं. मग त्यानं मान वर केली आणि बाईंकडे बघितलं. नुसतं बघितलं. पहिल्या बाकावरून बघायचा तसं.

हरितानं त्याची नजर कुठे गेली ते पाहिलं. मग खिडकीशी जाऊन तिनं घराची करवंटी उचलली. पोरांनी सकाळीच टाकलेल्या चिंचोक्यांनी ती ओसंडत होती. अर्धेअधिक चिंचोके तिनं टीचरच्या करवंटीत ओतले. काही उडून खाली सांडले, ते वाकून, कण्हत, वेचून त्यातच टाकले.

"हे तिथून चालत आले होते," तिनं वर्गाला तमिळमधून सांगितलं.

ते उत्तर चुकलं म्हणायची बाईंना हिंमत झाली नाही. चुकलं नव्हतंच. अनिरुद्धराव दोन्ही हात काखेत दाबून दाराबाहेर पडला, हेडमास्तरांनी बाजूला होऊन वाट दिली. त्यानं पोरीला हाक मारली नाही. हेडमास्तर दाखल्याचं काही बोलले नाहीत. ते आपल्या खोलीत जाऊन आयोडीनची बाटली आणि कापूस घेऊन आले. हरितानं त्यांना समोरून येऊ दिलं आणि भुवई पुसून घेतली. मग ती आपल्या जागी गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली. विघ्नेश सरकला आणि त्यानं तिला जागा दिली.

हजेरी राहिली होती. बाईंनी हजेरीपट उघडला. त्या नावं घेऊ लागल्या. न आलेल्या पोरांच्या नावांपाशी वर्गातून काहीच उत्तर येत नव्हतं. मग ते नाव आलं.

"हरिता."

"उळ्ळेन, टीचर," हरिता म्हणाली.